तोंडातली नसेची गाठ: ओळखायची कशी, काढायची कशी आणि कुठे हात आखडता घ्यायचा

तोंडात दिसणाऱ्या साध्या गाठींपैकी बहुतेक गाठी चावून चावून झालेल्या फायब्रोमा असतात किंवा लाळ साचून झालेले म्युकोसील. मज्जातंतूपासून उठलेल्या गाठी त्या मानाने क्वचित दिसतात, आणि म्हणूनच त्या हुकतात. "फायब्रोमाच आहे" म्हणून गाठ काढली जाते, कचऱ्याच्या पिशवीत जाते आणि रुग्ण टाके घालून घरी जातो. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण याच गाठींमध्ये एक गाठ अशी असते जिचं नाव वेळेवर कळलं तर लहान मुलाचा थायरॉइडच्या कॅन्सरपासून जीव वाचू शकतो. दुसरी अशी असते जिला चुकून कॅन्सर ठरवलं गेलं तर विनाकारण अर्धी जीभ जाऊ शकते. म्हणून हे लिखाण मुख्यतः स्वतःच्या दवाखान्यात छोट्या गाठी काढणाऱ्या दंतवैद्यांसाठी आहे. हातात रिपोर्ट घेऊन बसलेल्या रुग्णालाही त्यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी कोणकोणत्या गाठी, ते पाहू

श्वानोमा ही मज्जातंतूवरचं आवरण तयार करणाऱ्या श्वान पेशींची गाठ. शरीरातल्या श्वानोमांपैकी पाव ते जवळपास निम्म्या डोकं आणि मानेच्या भागात होतात, पण प्रत्यक्ष तोंडात होणाऱ्या जेमतेम एक टक्का. तोंडात सर्वांत जास्त जिभेवर, मग टाळू, जिभेखालची जागा, गालाचा आतला भाग, ओठ. तिला स्वतःचं कवच असतं आणि मूळ नस कवचाच्या बाहेरून, एका कडेने जाते. शस्त्रक्रियेत हीच गोष्ट आपल्या कामाला येते.

न्यूरोफायब्रोमात श्वान पेशींबरोबर तंतुपेशी आणि नसेच्या आवरणातल्या इतर पेशीही मिसळलेल्या असतात. कवच सहसा नसतं आणि नसेचे तंतू गाठीच्या पोटातून जातात. एकटी असू शकते, किंवा न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १ या आनुवंशिक आजाराचा भाग असू शकते.

ट्रॉमॅटिक न्यूरोमा ही खरं तर नवी वाढ नाही. दाढ काढताना, शस्त्रक्रियेत किंवा मार लागून नस तुटली आणि तिची टोकं एकमेकांना सापडली नाहीत, की तंतू वाट शोधत वेडेवाकडे वाढतात आणि त्यांचा गुंता होतो. खालच्या जबड्यात उपदाढांपाशी जिथून मेंटल नस बाहेर पडते ती जागा, खालचा ओठ आणि जीभ ही तिची नेहमीची ठिकाणं.

पॅलिसेडेड एन्कॅप्स्युलेटेड न्यूरोमा प्रौढांत, बहुतेकदा चेहऱ्यावर आणि तोंडात टाळूवर होते. घुमटासारखी, गुळगुळीत, एक सेंटीमीटरपेक्षा लहान. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर जिभेच्या वरच्या पृष्ठभागावर होते, बायकांत जास्त, थोडी पिवळसर आणि घट्ट. उरल्या म्युकोझल न्यूरोमा, म्हणजे ओठ, जिभेचं टोक आणि गालाच्या आत अनेक ठिकाणी उठलेल्या लहान मऊ गाठी. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर.

तपासणी: गाठीला हात लावण्यापूर्वी

पहिला प्रश्न "कधीपासून?" हा. दुसरा "या जागी आधी काय झालं होतं?" रुग्णाला वाटतं, दहा वर्षांपूर्वी काढलेल्या दाढेचा या गाठीशी काय संबंध. ते विचारल्याशिवाय तो सांगणार नाही. तिसरा प्रश्न दुखण्याचा आणि बधिरपणाचा, आणि हे दोन वेगवेगळे विचारा. चौथा तंबाखू, गुटखा, मावा, खर्रा, मिशेरीचा; किती, किती वर्षं आणि तोंडात कुठे ठेवायची सवय. पाचवा घरात कोणाला अंगावर गाठी, थायरॉइडचं ऑपरेशन किंवा ब्लड प्रेशरचा विचित्र त्रास होता का.

मग नुसतं बघा. गाठ एक आहे की अनेक, हे पहिल्या मिनिटात ठरलं पाहिजे. कवळी असेल तर काढायला सांगा. दोन्ही ओठ उलटे करा, तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांच्या आतली जागा पाहा, जिभेचं टोक आणि दोन्ही कडा पाहा, पापण्यांच्या कडा पाहा. रुग्णाला बाही वर करायला सांगा. दंतवैद्याच्या खुर्चीत हे विचित्र वाटतं, पण न्यूरोफायब्रोमॅटोसिसचे दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग शर्टाखाली असतात.

आता बोटांनी तपासा. जीभ गॉजने धरा आणि गाठ अंगठा व तर्जनीमध्ये घ्या. जिभेखालच्या गाठीसाठी एक हात तोंडात, दुसरा हनुवटीखाली. श्वानोमा घट्ट रबरी लागते आणि तिच्यावरची त्वचा सहज सरकते. नसेला धरून असलेली गाठ नसेच्या दिशेला आडवी हलते, नसेच्या लांबीच्या दिशेने फारशी हलत नाही. जिभेच्या स्नायूत खोल बसलेली असेल तर हा फरक जाणवेलच असं नाही. दाबल्यावर विजेसारखी चमक ओठाकडे किंवा जिभेच्या टोकाकडे गेली तर न्यूरोमाचा संशय पक्का करा. पण ट्रॉमॅटिक न्यूरोमाही प्रत्येक वेळी दुखत नाही. दुखणाऱ्या साधारण पाव ते एक तृतीयांशच असतात. "दुखत नाही म्हणजे नसेची नाही" हा निष्कर्ष चुकीचा.

संवेदना तपासून नोंदवणं ही पायरी सर्वांत जास्त गाळली जाते, आणि नंतर तीच अंगाशी येते. रुग्णाला डोळे मिटायला सांगा. कापसाची बारीक वात करून ओठावर किंवा जिभेवर फिरवा आणि ती कोणत्या दिशेने गेली ते विचारा. मग एक्सप्लोररचं (दात तपासायच्या टोकदार उपकरणाचं) टोक आणि त्याच उपकरणाची मागची बाजू आलटून पालटून टेकवा. टोचतंय की बोथट आहे, ते सांगू द्या. शेवटी डिव्हायडरची दोन टोकं टेकवून ती कमी कमी अंतरावर आणा. जिभेच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरवरही दोन टोकं वेगळी कळतात, ओठावर त्यापेक्षा थोडं जास्त अंतर लागतं. आकड्यापेक्षा दुसऱ्या बाजूशी तुलना महत्त्वाची. बधिर भाग असेल तर त्याची हद्द कागदावर काढा आणि तारीख घाला. जीभ सरळ बाहेर काढायला सांगा. ती एका बाजूला वळत असेल तर त्या बाजूच्या हायपोग्लॉसल नसेचा, म्हणजे जीभ हलवणाऱ्या नसेचा, विचार करावा लागतो आणि काम तुमच्या खुर्चीतलं राहत नाही.

जिथे दवाखान्यात कापायचं नाही

जिभेच्या अगदी मागे, मधोमध असलेली लालसर गाठ म्हणजे जिभेत राहिलेला थायरॉइड असू शकतो, आणि काही जणांत शरीरातला तेवढाच थायरॉइड असतो. आधी मानेची सोनोग्राफी आणि थायरॉइड स्कॅन. काचेच्या स्लाइडने दाबल्यावर पांढरी पडणारी निळसर गाठ रक्तवाहिन्यांची समजा. बोटाला ठोके लागले तर तिथेच थांबा. टाळूच्या मागच्या अर्ध्या भागातली किंवा वरच्या ओठातली घट्ट गाठ लाळग्रंथीची असण्याची शक्यता मोठी, तेव्हा ती खरवडून बाहेर काढण्याचा प्रयत्न करू नका. आधी तुकडा तपासा.

आणि ज्या खुणा दिसल्या की रुग्णाला त्याच आठवड्यात तोंड-जबड्याच्या सर्जनकडे किंवा कॅन्सर रुग्णालयात पाठवायचं, त्या अशा: काही आठवड्यांत झपाट्याने वाढलेली गाठ, वर जखम, खाली चिकटून बसलेली, मानेत गाठी, आणि कारण नसताना ओठ किंवा हनुवटी बधिर होणं. साधी श्वानोमा नसेला हळूहळू बाजूला सारते, म्हणून ती मोठी झाली तरी बधिरपणा सहसा आणत नाही. बधिरपणा स्वतःहून आला असेल तर कारण सापडेपर्यंत त्याला साधा समजू नका.

फोटो, स्कॅन आणि सुई

एक सेंटीमीटरच्या आतल्या, वरवरच्या गाठीला स्कॅनची गरज नसते. दोन सेंटीमीटरच्या वर, जिभेच्या मुळाशी, जिभेखाली खोलवर किंवा हद्द बोटांना न लागणाऱ्या गाठीला कॉन्ट्रास्टसह एमआरआय हवा. मज्जातंतूच्या गाठी टी-१ चित्रात स्नायूसारख्या आणि टी-२ मध्ये उजळ दिसतात. कडेला उजळ आणि मध्ये गडद असं निशाण न्यूरोफायब्रोमात जास्त दिसतं. हाडातल्या गाठीसाठी ओपीजी (दोन्ही जबड्यांचा सलग एक्स-रे) आणि मग सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन). खालच्या जबड्याच्या नसेची नळी एका ठिकाणी चातीसारखी फुगलेली दिसली की गाठ नसेचीच धरून चाला, आणि हाड उघडण्यापूर्वी १८ गेजच्या सुईने ओढून पाहा. रक्त भरभर आलं तर उघडू नका.

एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी ओढून केलेली तपासणी, या गाठींत फारशी उपयोगी पडत नाही. पेशी थोड्या येतात, रिपोर्ट "पुरेसं साहित्य नाही" असा येतो आणि सुई लागताक्षणी रुग्णाला असह्य कळ जाते. मानेतल्या गाठींची गोष्ट वेगळी.

जिभेवरची लहान श्वानोमा काढताना

इथे जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागातली, दीड सेंटीमीटरपर्यंतची, हलणारी, एकटी गाठ धरली आहे. त्याहून मोठी किंवा मागची गाठ पूर्ण भूल देऊन रुग्णालयात काढावी.

संमतीपत्र मराठीत असावं आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: जिभेचा काही भाग तात्पुरता किंवा क्वचित कायमचा बधिर होऊ शकतो, चवीत फरक पडू शकतो, आणि रिपोर्टनुसार पुढे आणखी उपचार लागू शकतात.

२ टक्के लिग्नोकेन १:८०,००० ॲड्रेनलिनसह लिंग्वल ब्लॉक द्या, म्हणजे जिभेला संवेदना देणारी लिंग्वल नस बधिर करा. मग गाठीच्या कडेने, साधारण अर्धा ते एक सेंटीमीटर दूर, मिळून एखादा मिलिलिटर भरा. गाठीत सुई घालू नका. आतली रचना फाटते, पॅथॉलॉजिस्टला स्लाइडवर पाण्याचे फुगे दिसतात आणि कवच कुठे संपतं ते तुम्हालाही कळेनासं होतं. सात ते दहा मिनिटं थांबा. ही मिनिटं वाचवण्याच्या नादात रक्ताने भरलेल्या जागेत नस शोधावी लागते.

टोकापासून दीडएक सेंटीमीटर मागे २-० सिल्कचा जाड टाका घेऊन जीभ बाहेर ओढून धरा. गॉजने धरलेली जीभ ऐन वेळी सुटते.

१५ नंबरच्या ब्लेडने पुढून मागे, गाठीच्या दोन्ही टोकांच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे जाईल अशी चीर द्या, आणि ती फक्त वरच्या त्वचेपुरतीच ठेवा. वर जखम असेल किंवा त्वचा गाठीला चिकटली असेल तर तेवढा भाग लंबगोल कापून गाठीबरोबरच घ्या. खाली पिवळसर-पांढरं, चकचकीत कवच दिसतं. त्याला दातेरी फोर्सेप्सने पकडू नका: कवच फाटलं तर मऊ गर बाहेर येतो, थोडा आत राहतो, आणि चिरडलेल्या पेशी स्लाइडवर ओळखू येत नाहीत. गाठ ओढायची असेल तर तिच्यातून एक टाका घ्या आणि त्याची टोकं धरा.

आता बारीक वाकड्या मॉस्किटोने (लहान टोकाच्या चिमट्याने) कवचाला लागून, पुढून मागे अशा दिशेने उघडत जा. आत मिटू नका. गाठीच्या एका टोकाशी बारीक पांढरी दोरी लागते का ते पाहा. ती कवचावरून वाहत पुढे जात असेल तर जिथे तंतू दिसत नाहीत तिथे कवच लांबीत उभं चिरा आणि गाठ आतून सोडवा. नस जागेवर राहते. फक्त केसासारखी शेवटची शाखा गाठीत शिरत असेल तर ती कापावी लागते आणि रुग्णाला बहुतेक वेळा काही जाणवत नाही.

कवच सापडतच नाही, गाठ स्नायूत मिसळलेली आहे, प्रत्येक बाजूने तंतू आत जातात, असं दिसलं तर ती श्वानोमा नाही. लहान असेल तर दोन-तीन मिलिमीटर निरोगी कड घेऊन पूर्ण काढा. मोठी असेल तर चांगला तुकडा घ्या, टाके घाला आणि रिपोर्टची वाट पाहा. नाव न कळता हट्टाने सगळी गाठ काढायला गेलं की लिंग्वल नस जाते.

रक्त पाच मिनिटं गॉज दाबून थांबवा. लागलंच तर विजेने रक्तवाहिनी बंद करणारं बायपोलर वापरा, नसेजवळ मोनोपोलर नको. रिकाम्या झालेल्या जागेत स्नायूला ४-० व्हिक्रिलचे (आपोआप विरघळणारे) एक-दोन टाके घ्या. ही पोकळी तशीच सोडली तर रात्रीतून रक्त साचतं आणि जीभ सुजते. वरचे टाके थोडे सैल ठेवा, कारण पहिले दोन दिवस जीभ सुजतेच आणि घट्ट टाके मांस कापतात.

टाळूवरची पॅलिसेडेड न्यूरोमा यापेक्षा सोपी. हाडावरच्या आवरणापर्यंत ब्लेडने गोल काढा. टाळूची त्वचा सरकत नाही, म्हणून टाक्यांच्या भानगडीत न पडता जखम पॅक किंवा आधी करून ठेवलेल्या ॲक्रिलिक प्लेटने झाका. दोन-तीन आठवड्यांत ती आपोआप भरते.

नमुना: इथेच सगळं जिंकतं किंवा हरतं

गाठ कितीही साधी दिसो, पूर्ण पाठवा. दोन तुकडे झाले तर दोन्ही पाठवा.

१० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन वापरा. बाजारात मिळणारं फॉर्मॅलिन ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइडचं असतं. त्याचे १०० मिलि, पाणी ९०० मिलि, मोनोबेसिक सोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायबेसिक ६.५ ग्रॅम, असं एक लिटर तयार होतं. प्रत्येक गाठीला तिच्या आकाराच्या किमान दहापट द्रव लागतो. सलाइन, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा तसंच न पातळ केलेलं फॉर्मॅलिन, यातलं काहीही चालत नाही. सलाइनमध्ये गाठ सडते. न पातळ केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये बाहेरून कडक होते आणि आत कच्ची राहते.

डबी रुंद तोंडाची हवी. लोकलच्या, म्हणजे भुलीच्या औषधाच्या, रिकाम्या बाटलीत नमुना टाकला तर आत जाताना तो मऊ असतो, बाहेर काढताना कडक झालेला असतो आणि बाटली फोडावी लागते. दुसरा धोका त्याहून मोठा आहे. लोकलच्या रिकाम्या बाटलीत फॉर्मॅलिन भरून ठेवल्यामुळे ते भूल समजून रुग्णाच्या हिरडीत टोचलं गेल्याच्या घटना आपल्या देशातल्या दंतवैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. पेशी मरतात, असह्य वेदना होतात, सूज चेहऱ्यावर पसरते. फॉर्मॅलिनला वेगळं कपाट, वेगळ्या रंगाचं झाकण आणि मोठ्या अक्षरातलं लेबल, यात तडजोड नको.

सोबतच्या कागदावर नाव-वय एवढंच लिहून भागत नाही. जागा आणि बाजू, मिलिमीटरमध्ये आकार, किती काळ, एक की अनेक, तंबाखूची सवय, आधीची दाढ किंवा शस्त्रक्रिया, कवच सापडलं का, नस जोडलेली दिसली का, हे सगळं लिहा. "जिभेची गाठ, बायोप्सी" एवढंच लिहून पाठवलं की पॅथॉलॉजिस्ट अंधारात राहतो. जवळ ओरल पॅथॉलॉजिस्ट नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत हा विभाग आहे.

रिपोर्ट वाचताना

अँटोनी-ए (दाट पेशींचा भाग), अँटोनी-बी (विरळ भाग) आणि व्हेरोके बॉडी हे शब्द श्वानोमाचे. व्हेरोके बॉडी म्हणजे रांगेत उभ्या राहिलेल्या केंद्रकांच्या दोन ओळी आणि मधली गुलाबी मोकळी पट्टी. एस-१००, म्हणजे श्वान पेशी ओळखायला वापरला जाणारा रंग, सगळ्या गाठीत गडद लागतो. न्यूरोफायब्रोमात तो तुटक लागतो, नागमोडी केंद्रकं आणि मास्ट पेशी दिसतात, आणि नसेचे तंतू गाठीच्या आतच सापडतात. श्वानोमा पूर्ण निघाली असेल तर ती परत येणं फार क्वचित. तिचा कॅन्सर होणं त्याहून क्वचित.

ग्रॅन्युलर सेल ट्यूमर इथे थांबून समजून घ्यावी अशी आहे. रशियन पॅथॉलॉजिस्ट अब्रिकोसोव्ह यांनी १९२६ मध्ये तिचं वर्णन केलं. या गाठीवरची त्वचा बऱ्याचदा खाली बोटं घुसवल्यासारखी वाढते, आणि बायोप्सी वरवरची असेल तर स्लाइडवर हुबेहूब स्क्वॅमस सेल कॅन्सर दिसतो. खालच्या दाणेदार पेशी त्या तुकड्यात आलेल्याच नसतात. आपल्याकडे रुग्ण तंबाखू खाणारा असेल तर त्या रिपोर्टवर कोणी शंकाही घेत नाही. म्हणून जिभेच्या वरच्या पृष्ठभागावरची, जखम नसलेली, गुळगुळीत किंवा किंचित खडबडीत, अनेक महिन्यांची घट्ट गाठ आणि हातात "वेल डिफरन्शिएटेड कार्सिनोमा" असा वरवरच्या तुकड्याचा रिपोर्ट, हे जुळत नसेल तर पॅथॉलॉजिस्टला फोन करा. खोलवरचा तुकडा आणि एस-१०० मागा, किंवा स्लाइड आणि ब्लॉक दुसरीकडे दाखवा. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयात बाहेरच्या स्लाइडची पुनर्तपासणी होते. हे सगळं आठवड्याभरात उरकायचं. शंका घेणं म्हणजे उपचार लांबवणं नव्हे, कारण रिपोर्ट खरा असला तर तिथे प्रत्येक आठवडा मोलाचा असतो. ग्रॅन्युलर सेल निघाली तर थोडी निरोगी कड घेऊन काढली की पुरे. जीभ कापायची नाही, मानेला हात लावायचा नाही.

कवळीखाली चमक उठवणारी गाठ: ट्रॉमॅटिक न्यूरोमा

वयस्कर रुग्ण, खालचे सगळे दात वर्षानुवर्षं नाहीत, जबड्याचं हाड झिजून सपाट झालेलं. मेंटल फोरामेन, म्हणजे मेंटल नस बाहेर पडते ते छिद्र, आता हाडाच्या बाजूला नाही, थेट माथ्यावर आलेला असतो आणि कवळीची कड त्यावर बसते. घास चावला की ओठात चमक. अशांना कधी "कवळी सवयीची होईल" सांगून परत पाठवलं जातं, कधी ट्रायजेमिनल न्यूराल्जियाच्या (चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्याच्या) गोळ्या सुरू होतात.

कवळी काढून उपदाढांच्या जागी बोट फिरवा. एका बिंदूवर दाबल्यावर तीच चमक उठली तर तिथे २ टक्के लिग्नोकेन अर्धा मिलिलिटर द्या आणि पाच मिनिटांनी पुन्हा दाबा. चमक पूर्ण गेली तर उगम इथेच. गेली नाही तर शस्त्रक्रिया करून काहीही साधणार नाही. कारण दुसरीकडे आहे.

पहिला उपचार सुरीचा नव्हे. कवळीच्या आतून प्रेशर पेस्ट लावून जागा शोधा, ॲक्रिलिक बरने एक-दोन मिलिमीटर मोकळी करा, गरज पडली तर सॉफ्ट लायनर घाला, आणि दोन-तीन आठवडे वाट पाहा. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर गॅबापेंटिन रात्री १०० ते ३०० मिलिग्रॅमपासून सुरू करता येतं. वय जास्त किंवा किडनी कमजोर असेल तर फिजिशियनला विचारूनच, कारण चक्कर येऊन रात्री पडण्याचा धोका असतो. शेवटी शस्त्रक्रिया: गाठ आणि तिच्या मागचा नसेचा छोटा भाग काढून उरलेलं टोक जिथे दाब येणार नाही अशा ठिकाणी स्नायूत किंवा हाडात दडवायचं. त्या बाजूचा ओठ आणि हनुवटी बधिर राहील, आणि काही जणांत दुखणं परत येतं, हे आधीच सांगा.

अनेक गाठी असतील तर

मुलाचे ओठ जाड आणि उंचसखल, जिभेच्या टोकावर आणि कडांवर फोडांसारख्या गाठी, तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांच्या आत समोरासमोर गाठी, पापण्यांच्या कडा जाड. मूल उंच, सडपातळ, हातपाय लांब, लहानपणापासून बद्धकोष्ठ, बाळ असताना रडताना डोळ्यांत पाणी नव्हतं असं आई सांगते. या गाठी म्हणजे म्युकोझल न्यूरोमा, आणि हे चित्र मल्टिपल एंडोक्राइन निओप्लेझिया २-बी या जनुकीय आजाराचं आहे. कारण आरईटी जनुकातला बदल, आणि बहुतेकांत तो एकाच ठरावीक जागी, एम९१८टी, असतो. अनेकदा आईवडिलांत तो नसतो, म्हणून "घरात कोणाला नाही" या उत्तराने समाधान मानू नका.

या मुलांना थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर जवळपास सगळ्यांना होतो, आणि तो फार लवकर पसरतो. बदल जन्मतःच कळला तर थायरॉइड पहिल्या वर्षातच काढण्याची शिफारस आहे. सुमारे निम्म्यांना पुढे फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीची गाठ होते. ही माहीत नसताना ॲड्रेनलिनची भूल दिली किंवा शस्त्रक्रिया केली तर ब्लड प्रेशर जीवघेणं चढू शकतं. म्हणून अशा मुलाच्या ओठाची बायोप्सी करण्याची घाई करू नका. आधी रक्तातलं कॅल्सिटोनिन, प्लाझ्मा मेटानेफ्रिन आणि जनुक चाचणी. त्यासाठी बालरोग एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे चिठ्ठी, आणि मूल तिथे गेलं की नाही याचा दोन दिवसांनी फोन. तोंडातल्या गाठींना स्वतःला उपचार लागत नाही. दिसायला त्रास होत असेल तर त्या नंतर केव्हाही काढता येतात.

न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १ मध्ये चित्र वेगळं. सहा किंवा जास्त कॉफी रंगाचे डाग, वयात येण्यापूर्वी ५ आणि नंतर १५ मिलिमीटरपेक्षा मोठे. काखेत आणि जांघेत ठिपके. बुबुळावर लिश नोड्यूल, म्हणजे बारीक तपकिरी उंचवटे. अंगावर मऊ गाठी. जिभेवरचे लाल ठिपक्यांसारखे उंचवटे मोठे झालेले दिसतात, ओपीजीत जबड्याच्या नसेची नळी रुंद दिसते. साधारण तीन हजारांत एकाला हा आजार असतो आणि निम्म्यांत तो घरात पहिल्यांदाच आलेला असतो. तोंडातली प्रत्येक गाठ काढायची नाही. चावली जाणारी, बोलण्यात अडथळा आणणारी किंवा वाढणारी तेवढी काढायची. प्लेक्सिफॉर्म प्रकारच्या गाठीला, बोटांना गांडुळांची पिशवी लागते तिला, दवाखान्यात चीर देऊ नका. तिच्या रक्तवाहिन्या भसाभसा वाहतात आणि हद्द कधीच सापडत नाही. शस्त्रक्रिया न होऊ शकणाऱ्या, त्रास देणाऱ्या प्लेक्सिफॉर्म गाठींसाठी दोन वर्षांवरच्या मुलांना सेल्युमेटिनिब या गोळीला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. या रुग्णांपैकी ८ ते १३ टक्क्यांना आयुष्यात कधीतरी नसेच्या आवरणाचा कॅन्सर होतो. जुनी गाठ अचानक वाढली, कडक झाली किंवा रात्री दुखू लागली, की एमआरआय त्याच आठवड्यात.

गाठ काढल्यानंतर

जीभ बधिर असेपर्यंत, म्हणजे तीन-चार तास, काही चावायचं नाही; मुलांवर लक्ष ठेवा, ती बधिर ओठ चावून रक्तबंबाळ करतात. पहिले दोन दिवस गार आणि मऊ: ताक-भात, पातळ वरण, केळं. तिखट आठवडाभर बंद, तंबाखू कायमची बंद. दुसऱ्या दिवसापासून ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन १० मिलि दिवसातून दोनदा. दुखण्यावर पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. निरोगी माणसात या छोट्या शस्त्रक्रियेला अँटिबायोटिक लागत नाही. जीभ वाढत्या वेगाने सुजत असेल, आवाज बदलला किंवा गिळता येईना, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, हे रुग्णाला कागदावर लिहून द्या.

वरचे टाके सातव्या दिवशी काढा. त्याच दिवशी संवेदनेची तीच कापूस, टोक आणि डिव्हायडरची चाचणी पुन्हा करा आणि जुन्या कागदावरच नव्या शाईने हद्द काढा. नस नुसती ताणली गेली असेल तर बधिर भाग काही आठवड्यांत आक्रसत जातो. मुंग्या येणं हे बरं होण्याचं लक्षण असू शकतं. दर महिन्याला हद्द काढत राहा. तीन महिन्यांत ती जराही हलली नाही, किंवा बधिरपणाच्या जागी जळजळणारं दुखणं सुरू झालं, तर मिथाइलकोबालामिनच्या गोळ्या देत बसू नका. नस जोडणाऱ्या मायक्रोसर्जनकडे तेव्हाच पाठवा, कारण दुरुस्ती जितकी उशिरा, तितकी संवेदना परत येण्याची आशा कमी. सगळं ठीक असेल तर पुढची भेट सहा महिन्यांनी, मग वर्षाने, आणि प्रत्येक भेटीत जागा बोटांनी चाचपून.